मानसिकतेचे निमित्त: दिव्यांग मुलांचा शिक्षणहक्क आणि शाळेची रचना

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की, परिसंवाद असो, शासकीय कार्यशाळा असो किंवा ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाचा समारंभ असो, एक विधान हमखास कानी पडते: समाजाची मानसिकता बदलली पाहिजे. विधान इतके सर्वमान्य आहे की त्याला कोणी विरोध करत नाही, आणि नेमके याच कारणासाठी ते तपासून घेतले पाहिजे. ज्या विधानामुळे कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात एका रुपयाचा फरक पडत नाही, कोणत्याही अधिकाऱ्याला जाब द्यावा लागत नाही आणि कोणत्याही शाळेला आपल्या कारभारात काही बदलावे लागत नाही, त्यातून एखाद्या मुलाच्या हक्काचे रक्षण कसे होणार, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की दिव्यांग मुले शाळेबाहेर राहतात, किंवा हजेरीपटावर नाव असूनही शिक्षणाबाहेर राहतात, याचे मुख्य कारण शाळा या संस्थेच्या दैनंदिन रचनेत आहे; समाजातील सहानुभूतीची उणीव हे दुय्यम कारण आहे आणि तीही बऱ्याच अंशी याच रचनेची निपज आहे. ‘रचना’ या संज्ञेत येथे इमारत, शिक्षकांची मंजूर पदे, अध्यापनाची रीत, परीक्षा, प्रमाणपत्राची प्रक्रिया आणि शासकीय खात्यांमधील कामाची वाटणी या सर्वांचा समावेश केला आहे. हे प्रतिपादन ग्राह्य धरले तर पुढील निष्कर्ष आपोआप निघतो: हक्काची मागणी ही मन वळवण्याची विनंती म्हणून न करता, ठरावीक बदल, ठरावीक जबाबदार व्यक्ती आणि ठरावीक मुदत सांगणारी मागणी म्हणून करावी लागते.

प्रश्नाचा आकार लक्षात येण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ५ ते १९ या वयोगटातील दिव्यांग मुलामुलींपैकी ६१ टक्के शिक्षणसंस्थेत जात होती, १२ टक्क्यांनी शाळा सोडली होती आणि २७ टक्क्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. शिक्षणहक्काचा कायदा लागू होऊन त्या वेळी जेमतेम वर्ष झाले होते हे खरे. परंतु दिव्यांग मुलांना सामान्य शाळेत आणण्याची पहिली केंद्रीय योजना १९७४ सालची आहे, म्हणजे जनगणनेच्या वेळी त्या प्रयत्नाला साडेतीन दशके उलटून गेली होती, हेही तितकेच खरे आहे.

१. दान, योजना आणि हक्क

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास तीन अवस्थांतून गेला आहे, आणि या अवस्था एकमेकींत मिसळल्यामुळे विचाराचा बराच गोंधळ होतो.

पहिली अवस्था दानाची. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कर्णबधिर मुलांसाठी आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंध मुलामुलींसाठी ज्या शाळा निघाल्या, त्या मिशनरी आणि दानशूर नागरिकांच्या पुढाकाराने निघाल्या. पुढे १९४४ मध्ये मुंबईत जय वकील शाळा, १९६४ मध्ये पुण्यात कामायनी आणि १९७२ मध्ये मुंबईत मिथू अलूर यांनी स्थापन केलेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया यांनी ही परंपरा पुढे नेली. राज्यसंस्था हात झटकून मोकळी झाली असताना या संस्थांनी अध्यापनाची तंत्रे घडवली आणि शिक्षक तयार केले. त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र दानाची एक अंगभूत मर्यादा असते: दाता देईल तेवढे आणि देईल तोवर मिळते, आणि दाता जेथे नाही तेथे काहीच मिळत नाही. या संस्था प्रामुख्याने मोठ्या शहरांत उभ्या राहिल्या हा योगायोग मानता येणार नाही.

दुसरी अवस्था योजनेची. १९७४ ची एकात्मिक शिक्षण योजना, नंतरचे सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासूनचे समग्र शिक्षा अभियान या मालिकेत शासनाने निधी, साहित्य आणि मनुष्यबळ दिले. येथे लाभार्थी असतो, लक्ष्य असते आणि खर्चाचा अहवाल असतो. परंतु लाभ मिळाला नाही म्हणून लाभार्थ्याला दाद मागता येईलच असे नाही.

तिसरी अवस्था हक्काची. हक्क या संकल्पनेला तीन अंगे असतात: हक्क असलेली व्यक्ती, त्या हक्काशी जोडलेले कर्तव्य ज्याच्यावर आहे तो, आणि कर्तव्य पाळले न गेल्यास उपलब्ध असलेला उपाय. तिन्हींपैकी एक अंग गळाले तरी हक्क कागदावर उरतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यांत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला.

या कायद्यातील प्रस्तुत विषयासाठी सर्वांत महत्त्वाची संकल्पना ‘वाजवी सोयीसुविधा’ ही आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून नेहमीच्या व्यवस्थेत तिच्या गरजेपुरता जो आवश्यक आणि अवाजवी बोजा न टाकणारा बदल करावा लागतो, तो म्हणजे वाजवी सोयीसुविधा. आणि ती नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसारच भेदभाव ठरतो. या व्याख्येत हेतूचा प्रश्न येत नाही. एखाद्या मुलाविषयी शिक्षकाच्या मनात अपार माया असली, तरी त्या मुलाला फळ्यावरचे दिसावे यासाठी शाळेने काही केले नाही, तर भेदभाव झालाच. कायदा मानसिकतेच्या प्रांतातून बाहेर पडून रचनेच्या प्रांतात आला आहे. सार्वजनिक चर्चा मात्र अजून मागेच रेंगाळते आहे.

२. कायद्यांच्या शिवणी कोठे उसवतात

दिव्यांग मुलाच्या शिक्षणाला आज दोन प्रमुख कायदे लागू होतात, आणि ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षांपर्यंत हक्क देतो. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा ‘वंचित गटा’त समावेश झाला, त्यामुळे खासगी शाळांतील २५ टक्के प्रवेशांचा मार्ग त्यांना खुला झाला, त्याच दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा, म्हणजे घरी राहून शिकण्याचा, पर्यायही दिला. २०१६ च्या कायद्याचे कलम ३१ हे ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते आणि शेजारची शाळा किंवा मुलाच्या पसंतीची विशेष शाळा असे दोनच पर्याय सांगते. परंतु हा हक्क ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्यांपुरता आहे.

या रचनेत तीन फटी राहतात. पहिली फट सहा वर्षांखालील मुलांची. मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक असलेला हा काळ दोन्ही कायद्यांच्या सक्तीबाहेर असून अंगणवाडीवर सोपवला आहे, आणि दिव्यांग मुलांसाठीचा ‘अंगणवाडी प्रोटोकॉल’ केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने थेट नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. दुसरी फट गृहाधारित शिक्षणाची. कायद्याने तो मुलाचा पर्याय म्हणून दिला आहे. व्यवहारात तो शाळेचा पर्याय होतो, कारण मूल घरी राहिले की इमारत, वाहतूक आणि मदतनीस या तिन्ही जबाबदाऱ्या एका नोंदीत संपतात आणि मुलाच्या वाट्याला विशेष शिक्षकाच्या अधूनमधून होणाऱ्या भेटी उरतात.

तिसरी फट खात्यांची. सामान्य शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, विशेष शाळा महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि प्रमाणपत्र आरोग्य यंत्रणेकडे. एकच मूल चार दारांतून जाते आणि प्रत्येक दारावर त्याची नोंद नव्याने होते. अंगणवाडीतून पहिलीत जाताना किंवा विशेष शाळेतून सामान्य शाळेत येताना मूल हरवले, तर ते कोणाच्या हद्दीत हरवले हे ठरवता येत नाही. या विस्कळीतपणात कोणाचाही दुष्ट हेतू नाही, आणि म्हणूनच हेतू सुधारून तो दूर होणारही नाही.

३. तीन पायऱ्यांचे गणित

रचनेचा मुद्दा सर्वांत उघडपणे दिसतो तो शाळेच्या दारात. शाळेच्या इमारतीचे जोते तीन पायऱ्यांचे, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचे आहे असे समजू. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उंची चढायला बारा सेंटिमीटर लांबी. या हिशेबाने ४५ सेंटिमीटरसाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. शिवाय दोन्ही बाजूंना कठडा आणि वर खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा. पायऱ्यांच्या शेजारी दीड मीटरचा सिमेंटचा उतार टाकून तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प आहे’ अशी खूण केली, तर तो उतार साडेतीनपटींहून अधिक तीव्र होतो. त्यावरून खुर्ची स्वतः चालवणाऱ्या मुलाला वर जाता येत नाही आणि खाली येताना ती उलटण्याची धास्ती राहते. मोटारसायकल आत घेण्यासाठी मात्र तो उत्तम असतो.

वर्गापर्यंत पोहोचल्यानंतरचा प्रश्न स्वच्छतागृहाचा. दार अरुंद असेल, आत वळायला जागा नसेल आणि धरायला कठडा नसेल, तर मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाची आई शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर बसून राहते, किंवा मूल सकाळपासून पाणी पिण्याचे टाळते. आईची मजुरी बुडते; ज्या दिवशी ती बुडवणे परवडत नाही त्या दिवशी मूल गैरहजर राहते; गैरहजेरी वाढली की मुलाला शिकण्यात रस नाही असा शेरा येतो. दाराची रुंदी हे मूळ कारण या साखळीच्या शेवटच्या कडीत कोठेही दिसत नाही.

याबाबत कायदा मोघम नाही. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत शैक्षणिक वापराच्या खासगी इमारतीही येतात, आणि अस्तित्वात असलेल्या इमारती सुगम्य करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की सुगम्यतेचे मानदंड शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे आणि हे मानदंड बंधनकारकच असले पाहिजेत. शिफारस आणि बंधन यांतील हा भेद म्हणजेच सदिच्छा आणि हक्क यांतील भेद होय.

४. वर्गाची भिंत

उतार बांधून समावेश साधतो असे मानणे ही दुसरी उथळ समजूत. बहुसंख्य अपंगत्वांत अडसर इमारतीचा नसून अध्यापनाच्या रीतीचा असतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्यावे. श्रवणयंत्र शिक्षकाचा आवाज वाढवते, तसेच पंख्याची घरघर, बाक सरकवण्याचा आवाज आणि शेजारच्या वर्गातील पाढ्यांचा गजरही वाढवते. असे मूल ऐकण्याची उणीव शिक्षकाच्या ओठांकडे पाहून भरून काढते. शिक्षक फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलू लागले की त्याचा धागा तुटतो. श्रुतलेखनाच्या तासाला त्याची वही लाल खुणांनी भरते, परंतु त्या खुणा शुद्धलेखनाचे मोजमाप करत नसून श्रवणशक्तीचे करतात, आणि श्रवणशक्तीचे मोजमाप तर आधीच झालेले असते. बोलताना वर्गाकडे तोंड ठेवणे, त्या मुलाला पुढच्या बाकावर खिडकीकडे पाठ येईल असे बसवणे आणि श्रुतलेखनाऐवजी चित्र पाहून लिहिण्याचा पर्याय देणे या तीन बदलांना पैसा लागत नाही. असे बदल सुचतील, अंगवळणी पडतील आणि टिकतील यासाठी प्रशिक्षित माणूस मात्र लागतो.

येथे पदांचा प्रश्न येतो. शाळेतील शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटसंख्येच्या आधारे पदे निश्चित करण्याच्या वार्षिक प्रक्रियेने, ठरतात. दिव्यांग मूल या पटावर इतर कोणाही मुलासारखे एक म्हणून मोजले जाते. त्याच्यासाठी लागणारा अधिकचा वेळ वर्गशिक्षकाच्या पदसंख्येत कोठेही उमटत नाही. विशेष शिक्षक समावेशित शिक्षणाच्या योजनेतून मिळतात. ही नेमणूक वर्षानुवर्षे प्रामुख्याने कंत्राटी राहिली असून एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. आठवड्यातून एकदा येणारा विशेष शिक्षक कितीही कुशल असला, तरी उरलेल्या पाच दिवसांचा वर्ग तो बदलू शकत नाही.

या स्थितीची दखल सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतली आणि प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, तर त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक या प्रमाणाचा आधार दिला. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात राज्यांनी अशी पदे मंजूर करून जाहीर करावीत असे निर्देश पुन्हा द्यावे लागले. मंजूर पद ही प्रशासनाची भाषा आहे आणि त्याच भाषेत हक्क लिहिला गेल्याशिवाय तो वर्गापर्यंत पोहोचत नाही.

५. प्रमाणपत्राचा उंबरठा

अपंगत्वाचे प्रमाणपत्र हे हक्काचे साधन असायला हवे. प्रत्यक्षात ते हक्काची पूर्वअट झाले आहे. मुलाला जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी न्यावे लागते, संबंधित तज्ज्ञ त्या दिवशी हजर असावे लागतात आणि ऑनलाइन नोंदणी, छायाचित्र, आधार यांची जुळवाजुळव करावी लागते. तालुक्याच्या टोकाच्या गावातून येणाऱ्या कुटुंबाचा यात एक रोजगार बुडतो, आणि तज्ज्ञ हजर नसल्यास दुसराही.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत, म्हणजे बुद्धी आणि संधी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत सातत्याने अडचण येण्याच्या स्थितीत, हा उंबरठा आणखी उंच होतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिचे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतरच देण्याची अट घातली. मूल मात्र सहाव्या वर्षी वाचायला लागते, किंवा लागत नाही. मधल्या दोन वर्षांत त्याच्यावर आळशी असा शिक्का बसलेला असतो. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करण्याचे कर्तव्य शाळेवर टाकते आणि हे कर्तव्य प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवत नाही.

न्यायालयांनीही हा भेद स्पष्ट केला आहे. विकास कुमार खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेत लेखनिक देण्यासारखी वाजवी सोय ४० टक्क्यांच्या निकषात बसणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येत नाही. तो निकष आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. म्हणजे प्रमाणपत्र येईपर्यंत थांबा असे शाळेने सांगणे हे प्रशासकीय सोयीचे असेल, कायद्याला धरून नाही.

६. मानसिकता कशी बदलते

आता मूळ समजुतीकडे वळता येईल. मानसिकता आधी बदलते आणि रचना मागून येते, असा क्रम गृहीत धरला जातो. महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा पालकांची मानसिकता तयार होण्याची वाट पाहिली नाही; मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश काढला. सवर्णांचे मतपरिवर्तन होईपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर तो आदेश किती दशके लांबला असता याची कल्पना करता येते. जातीचे बहिष्करण आणि अपंगत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या बाबतीत काही मुलांना विशेष कौशल्याची खरोखर गरज असते, पहिल्या बाबतीत वेगळेपणाला कोणतेही शैक्षणिक कारण नव्हते. तरीही रचना आधी आणि मन मागून हा क्रम दोन्हीकडे लागू पडतो.

दुसरा दाखला अलीकडचा आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्ये घेतला, म्हणजे केंद्रीय कायद्याने ही अक्षमता मान्य करण्याच्या वीस वर्षे आधी. त्या वेळी सर्वसाधारण पालकाला या स्थितीचे नावही ठाऊक नव्हते. सवलत लागू झाल्यावर चाचणीला अर्थ आला, चाचणीमुळे शाळांना ही मुले दिसू लागली आणि ‘ढ’ मुलाच्या प्रगतिपुस्तकामागे दुसरे कारण असू शकते हा विचार घराघरांत शिरला. नियमाने दृष्टी दिली.

याचे कारण अवघड नाही. माणसांची मते ती ज्या व्यवस्थेत वावरतात तिच्या अनुभवातून बनतात. ज्या शिक्षकाला पन्नास मुलांच्या वर्गात कोणत्याही मदतीविना स्वमग्न मूल सांभाळावे लागते, त्याला ते मूल ओझे वाटणे स्वाभाविक आहे. त्याच शिक्षकाला रोज मदतनीस आणि महिन्याला विशेष शिक्षकासोबत नियोजनाचा तास मिळाला, तर तेच मूल त्याला विद्यार्थी वाटू शकते. शिक्षकाच्या मनात दोन्ही शक्यता असतात. कोणती प्रत्यक्षात येईल हे व्यवस्था ठरवते.

७. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप: विशेष शाळाच अशा मुलांसाठी योग्य आहेत. या आक्षेपात तथ्य आहे आणि समावेशाचे समर्थक ते पुष्कळदा टाळतात. जन्मतः कर्णबधिर मुलाला भारतीय सांकेतिक भाषा आत्मसात करायला ती भाषा वापरणाऱ्या सवंगड्यांचा समूह लागतो. शंभर ऐकणाऱ्या मुलांत एकटे बसवून त्याला भाषा मिळत नाही, केवळ गर्दी मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे कलम २४ देखील अंध, कर्णबधिर आणि बधिरांध मुलांना योग्य भाषा आणि योग्य वातावरण देण्याचा आग्रह धरते. म्हणून विशेष शाळा बंद करणे हे या प्रतिपादनाचे फलित नाही. परंतु निवड ही निवड असण्यासाठी दोन्ही पर्याय जिवंत असावे लागतात. शेजारच्या शाळेत काहीच सोय नसल्यामुळे आठ वर्षांचे मूल जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात जाते, तेव्हा ती पालकांची पसंती नसते, नाइलाज असतो. विशेष शाळांचे साठलेले कौशल्य परिसरातील सामान्य शाळांना उपलब्ध करून देणे, म्हणजे त्यांना साधन केंद्र बनवणे, हा मार्ग समावेशक शिक्षणाविषयीच्या १९९४ च्या सॅलामांका जाहीरनाम्यापासून सुचवला गेला आहे. आपल्याकडे तो अडतो तो दोन वेगळ्या खात्यांच्या हद्दीवर.

दुसरा आक्षेप: इतर मुलांचे नुकसान होते. साहाय्याविना एका वर्गात सर्वांना कोंबले तर होईल. पण तो आक्षेप समावेशावरचा नसून तुटपुंज्या तरतुदीवरचा आहे. सूचना लहान टप्प्यांत देणे, बोललेले फळ्यावर लिहिणे, एकाच पाठाला सोप्या-अवघड अशा दोन-तीन पातळ्यांची कामे देणे या गोष्टी दिव्यांग मुलासाठी आवश्यक असतात आणि मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडतात. शिवाय शिक्षण हा घटनेच्या कलम २१-अ नुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क आहे; एका मुलाची सोय व्हावी म्हणून दुसऱ्याचा हक्क स्थगित ठेवता येत नाही.

तिसरा आक्षेप: खर्च परवडणारा नाही. नव्या इमारतीत सुरुवातीपासून योग्य उतार आणि रुंद दार ठेवण्याचा खर्च एकूण बांधकामाच्या तुलनेत किरकोळ असतो. बांधून झाल्यावर तोडफोड करणे महाग पडते, म्हणजे खर्चाचा मोठा भाग हा विलंबाचा दंड असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खर्च न करण्याने खर्च टळत नाही, तो सरकारी खात्यातून कुटुंबाच्या खिशात सरकतो: आईची बुडालेली मजुरी, खासगी उपचार, रिक्षाचे भाडे आणि शिक्षणाविना प्रौढ झालेल्या व्यक्तीचे आजन्म परावलंबन. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही एवढाच काय तो फरक.

चौथा आक्षेप: जिद्द असेल तर मार्ग निघतो. अडचणींवर मात केलेल्या व्यक्तींची उदाहरणे दिली जातात आणि ती आदरास पात्रही असतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले, तसेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्थाही उभी केली. त्यांच्या कार्यातून जिद्दीपेक्षा संस्थेच्या गरजेचाच पुरावा मिळतो. सामान्य मुलाला वर्गात जायला जिद्द लागत नाही. दिव्यांग मुलाला ती लागत असेल, तर ती त्याच्या गुणांची नोंद होण्याआधी शाळेच्या दोषाची नोंद आहे.

८. मागणीचे स्वरूप

वरील विवेचनातून हक्काच्या मागणीचा आराखडा पुढीलप्रमाणे निघतो. विशेष शिक्षकांची पदे संचमान्यतेचा भाग करून नियमित भरली जावीत. अंगणवाडी, सामान्य शाळा आणि विशेष शाळा यांतील प्रत्येक दिव्यांग मुलाची नोंद एका अधिकाऱ्याच्या जबाबदारीखाली यावी आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी मूल सुखरूप पोहोचल्याची खात्री त्याने करावी. सोयी देण्याचे काम प्रमाणपत्राची वाट न पाहता सुरू व्हावे. इमारतीची तपासणी ‘आहे किंवा नाही’ अशा खुणेने न करता मापाने व्हावी: उताराची लांबी किती, दाराची रुंदी किती. गृहाधारित शिक्षणाची प्रत्येक नोंद करताना शाळेने कोणते बदल करून पाहिले हे लेखी नमूद करणे अनिवार्य असावे.

या मागण्यांसाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि शाळेतील सोयी यांसाठी नोडल अधिकारी असणे अपेक्षित आहे. शिक्षणहक्क कायद्याखाली राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे आणि २०१६ च्या कायद्याखाली पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागता येते. शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक सदस्याने आणि प्रत्येक पालकाने आपल्या शाळेत कलम १६ मधील कोणती सोय नाही हे लेखी नोंदवावे, तो अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर तीच पोच जोडून नोडल अधिकाऱ्याकडे जावे. कर्तव्य कोणाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर आल्याशिवाय हक्काची अंमलबजावणी सुरू होत नाही.